ओईटीची ‘बी ग्रेड गॅरंटी’: ४८,५०० रुपये गेले, हाती आले निबंध

बीएस्सी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असाल आणि कॉलेजच्या हॉलमध्ये कोणी यूकेच्या नोकरीचा सेमिनार घेऊन गेलं असेल, तर फी भरण्याआधी हे वाचा. ओईटी, म्हणजे आरोग्य क्षेत्रातल्यांची इंग्रजीची परीक्षा. तिच्या क्लासने आमच्याकडून घेतलेले पैसे असे: कोर्स ३२,०००, मटेरियल १,५००, ‘यूके फाइल ओपनिंग’ १५,०००. परीक्षेची फी वेगळी. पावती फक्त ३२,०००ची, बाकीचे एका खासगी नंबरवर. परदेशी आरोग्य कर्मचाऱ्यांच्या भरतीसाठीच्या इंग्लंडच्या आचारसंहितेनुसार भरती एजन्सीला उमेदवाराकडून फी घेताच येत नाही, मग फाइल कसली उघडली?

डोळे उघडायला हवे होते ते रायटिंगच्या पहिल्याच तासाला. फळ्यावर विषय: ‘सोशल मीडियाचे फायदे-तोटे’, २५० शब्द. अहो, ओईटीत निबंध नसतोच! पेशंटच्या केस नोट्स देतात. ५ मिनिटं वाचायला, ४० मिनिटं लिहायला, १८० ते २०० शब्दांचं पत्र, बहुधा रेफरल किंवा डिस्चार्जचं. कुठली नोंद घ्यायची, कुठली गाळायची, तिथेच मार्क जातात. आम्हाला मिळालं ते आयईएल्टीएस या सर्वसाधारण इंग्रजी परीक्षेचं मटेरियल, कव्हर बदललेलं. स्पीकिंगला पेशंटशी ५-५ मिनिटांचे दोन रोल-प्ले असतात. इथे ‘इंट्रोड्यूस युवरसेल्फ’ घोकून घेतलं. पण दिवसभर वॉर्डची ड्यूटी, त्यात कॉलेजनेच ओळख करून दिलेली माणसं. शंका घेणार कोण? नमुना पेपर ओईटीच्या साइटवर फुकट आहे. तो घेऊन जा आणि क्लासवाल्यांकडून एक पत्र तपासून मागा.

गॅरंटीची मेख अर्जाच्या मागच्या पानावर: ९० टक्के हजेरी आणि प्रत्येक मॉकला, म्हणजे सराव परीक्षेला, चारही भागांत ३५० गुण, म्हणजे बी ग्रेड. मॉक तपासणारे तेच! यूकेच्या एनएमसीला, म्हणजे तिथे नर्सेसची नोंदणी करणाऱ्या संस्थेला, रायटिंगमध्ये ३०० म्हणजे सी प्लस चालतो, ३५० बाकीच्या तीन भागांत लागतात. हे दडवून रायटिंगमध्ये ३२० मिळालेल्यांना ‘रिपीट बॅच’चे आणखी ९,००० लावले.

शेवटी क्लासवाल्यांची ऑफर: ‘परीक्षा न देता सर्टिफिकेट’, १,८०,०००. एनएमसी निकाल ओईटीकडूनच ऑनलाइन पडताळते. ती रद्दी विकत घेऊ नका.

चौकीत म्हणाले, ‘क्लास झाला ना? मग दिवाणी मॅटर.’ सायबरवाले म्हणाले, पैसे पाठवताना पिन तुम्हीच टाकला. कॉलेज म्हणतं, आम्ही फक्त हॉल दिला. आणि विद्यापीठाने आमचा अर्ज ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ पाठवला कुठे? त्याच कॉलेजकडे!

जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही, मुदत २ वर्षं. जाहिरात, अर्जाचं मागचं पान आणि चॅट यांचे स्क्रीनशॉट आजच काढा. बिनपावतीच्या १६,५००ला पेमेंटची नोंद सोडली तर दुसरा पुरावा नाही.