नोकरीची पदवी की विषयाची पदवी? आधी पदवीधरांचं ऐका

एका बाजूला इंजिनिअरिंग, अकाउंटिंग, नर्सिंग असे थेट नोकरीकडे नेणारे अभ्यासक्रम. दुसऱ्या बाजूला इतिहास, तत्त्वज्ञान, गणित, भौतिकशास्त्र. यातलं एक ज्याला निवडायचंय त्याने शिकून बाहेर पडलेल्यांशी जरूर बोलावं, पण पदवी घेऊन किती वर्षं झाली हे आधी विचारावं. उत्तर त्यावर फार बदलतं.

नुकतेच पास झालेले भेटले, तर पारडं नोकरीच्या पदवीकडेच झुकतं. कंपनीला काय हवंय ते ठाऊक असतं, पहिल्या दिवशी हात चालतात, पगारही बरा असतो. विषयाची पदवी घेतलेला अभ्यासाबद्दल भरभरून बोलतो. मात्र इंटरव्ह्यूत ‘तुम्हाला काय येतं?’ असं विचारलं की अडखळतो. ही तक्रार रास्त आहे. सुरुवातीची दोन-तीन वर्षं चाचपडण्यात गेली, तर आत्मविश्वासावर घाव बसतो.

दहा वर्षांनी चित्र पालटतं. डेव्हिड डेमिंग आणि कदीम नोरे या अर्थशास्त्रज्ञांनी 2020 साली प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेवरच्या अभ्यासात दिसलं, की कॉम्प्युटर, इंजिनिअरिंगसारख्या पदव्यांना मिळणारा जादा पगार सुरुवातीला सर्वाधिक असतो आणि मग भराभर घटतो. कारण उघड आहे: या कामांतली कौशल्यं लवकर जुनी होतात. कॉलेजात शिकलेलं सॉफ्टवेअर कंपनीने बदललं, की कालच आलेला नवखा आणि दहा वर्षांचा अनुभवी एकाच रांगेत उभे राहतात. विषयाची पदवी असलेला उशिरा रुळतो, पण नवं शिकण्याची सवय त्याला तारते. अर्थात दोघांतलं अंतर कमी होतं म्हणजे मिटतंच असं नाही. शिवाय नर्सिंगसारख्या, परवाना लागणाऱ्या पेशांचं गणित वेगळं आहे.

पश्चात्तापाचं काय? 2017 साली गॅलप ही जनमत चाचण्या घेणारी संस्था आणि शिक्षणक्षेत्रातली स्ट्राडा ही संस्था यांच्या अमेरिकेतल्या सर्वेक्षणात सुमारे 51 टक्के लोकांनी विषय, संस्था किंवा पदवीचा प्रकार यांपैकी निदान एक गोष्ट बदलली असती असं सांगितलं. सर्वाधिक, 36 टक्के, विषय बदलणारे होते.

मला मात्र सगळ्यात मोलाचं वाटतं ते गॅलपने अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठासोबत केलेलं 2014 चं सर्वेक्षण. 30,000 हून अधिक पदवीधरांना विचारल्यावर आढळलं, की पुढे कामात मन लागण्याशी कॉलेजच्या नावाचा फारसा संबंध नाही. संबंध आहे तो शिकण्याची गोडी लावणारे, आपुलकीने विचारपूस करणारे, स्वप्नांना बळ देणारे शिक्षक भेटण्याशी, दीर्घ प्रोजेक्टशी आणि इंटर्नशिपशी. शिक्षकांबद्दलच्या या तिन्ही गोष्टी ठामपणे ‘मिळाल्या’ म्हणणारे अवघे 14 टक्के होते.

दीर्घ प्रोजेक्ट म्हणजे काय, ते बघा. इतिहासाची एक विद्यार्थिनी वर्षभर एका जुन्या इस्पितळाच्या नोंदवह्या वाचते. अक्षर लावते, नोंदींचे तक्ते करते, आकडे जुळत नाहीत म्हणून पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करते, मग शिक्षकांसमोर निष्कर्षाचा बचाव करते. तिला ‘काय येतं?’ विचारा, ती अर्धा तास बोलेल. उलट, मागच्या बॅचची फाईल उतरवून प्रोजेक्ट उरकलेला इंजिनिअर त्याच प्रश्नाला दोन वाक्यांत संपतो.

माझं मत स्पष्ट आहे. डोक्यावर शैक्षणिक कर्ज असेल किंवा घर पहिल्या पगाराकडे डोळे लावून बसलं असेल, तर नोकरीची पदवी घ्या, मागेपुढे पाहू नका. थोडा धीर धरणं परवडत असेल आणि एखादा विषय खरोखर पछाडत असेल, तर तोच घ्या. जोडीला सांख्यिकी, प्रोग्रॅमिंग किंवा नेटकं लेखन यांतलं एक पक्कं करा आणि दुसऱ्या वर्षापासून इंटर्नशिपच्या मागे लागा. आवड नसताना केवळ चार लोक म्हणाले म्हणून घेतलेली नोकरीची पदवी मात्र मी कुणालाच सुचवणार नाही.

आणि प्रवेशाआधी शेवटच्या वर्षाच्या मुलांना गाठून विचारा: प्रोजेक्ट किती महिने चालतो, गाईड आठवड्याला भेटतात का, इंटर्नशिप विभाग मिळवून देतो की तुमची तुम्हालाच शोधावी लागते?