बीएसपी, एनपीटी की मेट्रिक: हातातल्या फिटिंगचे आटे कसे ओळखायचे

बाहेरदेशातून आलेल्या पंपाला, फिल्टरला किंवा प्रेशर गेजला इथल्या दुकानातलं फिटिंग लावायचं असेल, तर खरेदीआधी आटे कोणत्या जातीचे आहेत ते पक्कं करा. आपल्याकडचं नळकाम बीएसपीवर, म्हणजे ब्रिटिश स्टँडर्ड पाइप आट्यांवर चालतं: जीआय पाइप, पितळी नळ, सीपीव्हीसीचे पितळी इन्सर्ट, सगळं त्यातलंच. दाब धरणाऱ्या जोडणीचं भारतीय मानक आयएस ५५४ हेही त्याच वळणाचं. अमेरिका-कॅनडाच्या यंत्रांवर एनपीटी, म्हणजे तिथले निमुळते पाइप आटे असतात. युरोपातल्या हायड्रॉलिक यंत्रांवर बऱ्याचदा मेट्रिक आटे भेटतात.

बीएसपीत पुन्हा दोन प्रकार आहेत. अंगावर 'जी' कोरलेलं असेल तर आटे समांतर, 'आर' असेल तर निमुळते. समांतर आट्यांचं काम फक्त आवळून धरण्याचं. पाणी किंवा तेल अडवतं ते तोंडावरचं वॉशर, ओ-रिंग किंवा डाऊटी सील (आतून रबर चिकटवलेलं धातूचं वॉशर). तिथे टेफ्लॉन टेपचे कितीही वेढे दिले तरी सील खराब असेल तर गळणारच. निमुळत्या बीएसपीत आणि एनपीटीत मात्र आटेच एकमेकांत रुतून जोड घट्ट करतात, आणि उरलेली फट टेप किंवा सफेदा-धागा भरून काढतो. दोन्हींचा निमुळतेपणा सारखाच आहे: १६ मिलिमीटर लांबीत व्यास १ मिलिमीटरने बदलतो. त्यामुळे निमुळतं दिसलं म्हणजे एनपीटीच, असं धरून चालू नका.

फरक आहे तो आट्यांच्या कोनात आणि संख्येत. बीएसपीचा कोन ५५ अंश. तो जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली इंग्लंडमध्ये मांडलेल्या पेचाचा. त्याचे माथे आणि तळ गोलसर असतात. एनपीटीचा कोन ६० अंश आणि माथे सपाट कापल्यासारखे. मेट्रिकचा कोनही ६० अंशच, पण त्याचा पिच, म्हणजे लागोपाठच्या दोन आट्यांमधलं अंतर, थेट मिलिमीटरमध्ये येतो आणि व्यास नावाप्रमाणेच भरतो.

| साइज | बीएसपी: एका इंचात आटे | बीएसपी: बाहेरचा व्यास, मिमी | एनपीटी: एका इंचात आटे | एनपीटी: पाइपचा बाहेरचा व्यास, मिमी |
|---|---|---|---|---|
| पाव इंची | १९ | १३.१६ | १८ | १३.७२ |
| अर्धा इंची | १४ | २०.९६ | १४ | २१.३४ |
| पाऊण इंची | १४ | २६.४४ | १४ | २६.६७ |
| एक इंची | ११ | ३३.२५ | ११.५ | ३३.४० |

व्हर्नियर लावल्यावर २१ मिलिमीटर दिसलं म्हणून गोंधळू नका. पाइपाची साइज मूळची आतल्या भोकावरून पडलेली आहे, त्यामुळे अर्धा इंची आट्यांचा बाहेरचा व्यास एवढाच येतो.

पाव आणि एक इंचीत चूक लगेच कळते. आट्यांची संख्याच वेगळी असल्याने फिटिंग दोन-तीन फेऱ्यांत अडकतं. खरा धोका अर्धा आणि पाऊण इंचीत आहे. तिथे दोन्हीकडे १४ आटे, फिटिंग हाताने छान आत जातं, पान्याने आवळलं की घट्टही वाटतं. पण कोन जुळत नसल्याने आट्यांच्या बाजू पूर्ण टेकत नाहीत, आणि आत सर्पिल फट राहते. घरच्या टाकीच्या पाण्यावर, भरपूर टेप लावून, असा जोड टिकलेला तुम्हाला दिसेलही. त्यावर विसंबू नका. हवा, वाफ, गॅस किंवा हायड्रॉलिक तेलाच्या लाइनवर मिश्र जोड अजिबात नको. गळतं म्हणून आणखी आवळत गेलं की प्लॅस्टिकच्या फिल्टर हाउसिंगला किंवा बिडाच्या बॉडीला तडा जातो, आणि मग फिटिंग सोडून आख्खी बॉडी बदलावी लागते.

म्हणून अर्धा-पाऊण इंचीत फक्त आटे मोजून भागत नाही. पिच गेज म्हणजे आट्यांच्या आकाराचे दाते असलेल्या पात्यांचा संच. त्याची ५५ अंशांची आणि ६० अंशांची १४ नंबरची (इंचात १४ आटे) पाती आळीपाळीने आट्यांत बसवा आणि उजेडासमोर धरा. बरोबर पातं बसलं की मधून प्रकाश दिसत नाही. चुकीचं असेल तर उतारावर बारीक उजेडाची रेघ राहते. आटे आधी तारेच्या ब्रशने घासून घ्या, जुना टेप आणि सफेदा राहिला तर गेज फसवतं. गेज नसेल तर खात्रीचं बीएसपी निपल अनोळखी निपलाच्या शेजारी लांबीने टेकवा आणि आटे एकमेकांत नीट बसतात का ते पाहा. तेही बाहेरच्या आट्यांचं असेल तरच जमतं. आतल्या आट्यांसाठी खात्रीचं फिटिंग हाताने घालून पाहा, मात्र अर्धा-पाऊण इंचीत या चाचणीवर निर्णय घेऊ नका.

मेट्रिकमध्ये फसवणारी जोडी म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचा, दीड मिलिमीटर पिचचा आटा आणि अर्धा इंची बीएसपी. गेजवर आणि केबल ग्लँडवर हा मेट्रिक आटा खूप येतो. व्यासात जेमतेम एक मिलिमीटरचा फरक, पण बीएसपीचा पिच १.८१ मिलिमीटर आहे. व्हर्नियरने दहा आट्यांचं अंतर मोजा: मेट्रिकला १५ मिलिमीटर येईल, बीएसपीला १८ च्या थोडं वर. लांबी कमी असेल तर पाच आटे मोजून साडेसात आणि नऊ यातला फरक पाहा.

निवड तुमच्या हातात असेल तर माझं मत स्पष्ट आहे. घर, सोसायटी, शेत, टाकी, इथे बीएसपीच घ्या, कारण रात्री गळती लागली तरी कोपऱ्यावरच्या दुकानात सुटा भाग मिळतो. यंत्राचा पोर्ट एनपीटी असेल तर तो बदलून पुन्हा आटे पाडण्याच्या फंदात पडू नका. एका बाजूला एनपीटी बाहेरचे आटे आणि दुसऱ्या बाजूला बीएसपी आतले आटे असलेला पितळी किंवा स्टीलचा ॲडॅप्टर मागवा, यंत्राच्या तोंडाशीच कायमचा बसवा आणि त्याच्या पुढची सगळी लाइन बीएसपीत ठेवा. ॲडॅप्टरवर पेंटने खूण करा, म्हणजे पुढच्या दुरुस्तीला आलेला फिटर तो सोडवून पोर्टात थेट बीएसपी निपल घालणार नाही.