खिडकी खाली आणली: दहा महिन्यांनंतरचा अनुभव

सहा वर्षांपूर्वी कवेलूचं मातीचं घर पाडून आम्ही स्लॅबचं बांधलं. आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, मे महिन्यात पारा ४५ च्या घरात. दिवसभर तापलेला स्लॅब अर्ध्या रात्रीपर्यंत आग ओकायचा. झोप लागायला अंग आतून थोडं थंड व्हावं लागतं, तेच होत नव्हतं. सकाळी सगळे एकमेकांवर खेकसायचे. मला वाटायचं, माणसांचे स्वभावच बिघडले.

मागच्या मार्चमध्ये स्लॅबवर चुन्याचे दोन हात मारले आणि छताजवळ झरोका काढला. रात्री फरक पडला, पण खरा फरक बाबांच्या खोलीतल्या खिडकीनं पडला.

मांडीचं हाड मोडल्यापासून बाबा खाटेवरच आहेत. मिस्त्रीनं खिडकी चार फुटांवर ठेवलेली, उभ्या माणसाच्या हिशेबानं. खाटेवरून त्यांना दिसायचं काय, तर आभाळाचा तुकडा. भिंतीकडे तोंड करून पडायचे. दिवसा डुलक्या, रात्री टक्क जागे. लिंटेलला, म्हणजे खिडकीवरच्या आडव्या तुळईला, हात न लावता खालच्या विटा काढल्या आणि खिडकी दीड फुटावर आणली. आता पडल्या पडल्या सांदवाडीतला, म्हणजे परसातला, कडुनिंब दिसतो, गोठा दिसतो. खिडकी पूर्वेची, त्यामुळे सकाळचा उजेड थेट डोळ्यांत जातो आणि त्यावरच मेंदूचं झोपेचं घड्याळ लागतं. पंधरा दिवसांत दुपारच्या डुलक्या कमी झाल्या. एक दिवस आतून आवाज आला, "अरे, गोऱ्हा सुटला पाय, धर त्याले!" किती महिन्यांनी बाबा असे ओरडले होते!

अमेरिकी संशोधक रॉजर उलरिच यांचा १९८४ चा अभ्यास मी नंतर वाचला. पेनसिल्व्हेनियातल्या एका दवाखान्यात पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्यांपैकी ज्यांना खिडकीतून झाडं दिसत, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले. दुखण्याची कडक औषधंही त्यांना कमी लागली. बाबांच्या गोळ्या तेवढ्याच आहेत, पण त्या घेताना आता भांडण होत नाही.

त्रासही सांगतो. जुलैच्या झडीत गादी भिजली, मग वरून टिनाचं छज्जं लावावं लागलं. डासांसाठी जाळी आधीच बसवा. चुना पावसात धुतला जातो, दर उन्हाळ्याआधी परत मारावा लागतो.

आईचा स्वयंपाकाचा ओटा अजून भिंतीकडे तोंड करून आहे. येत्या मार्चमध्ये ती भिंत फोडायची आहे.