क्यूबी64 वापरून बघितलं, जुने बेसिक प्रोग्राम असतील तर घ्याच

भांडी बाजारात मामांचं दुकान आहे, तिथला उधारीचा हिशोब आत्तापर्यंत क्यूबेसिकवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या जुन्या बेसिक भाषेवर चालायचा. हो, 1991 ला डॉस 5 सोबत आलेलं तेच. जुना पीसी गचकला आणि 64 बिट विंडोज डॉसचे प्रोग्राम उघडतच नाही, म्हणून क्यूबी64 टाकलं, ते क्यूबेसिकचा सोर्स घेऊन आजच्या विंडोजवर चालणारी ईएक्सई बनवून देतं. फुकट आहे, फोल्डर अनझिप करायचा आणि चालू, एडिटरपण तसाच निळा. सोर्स जवळपास जसाच्या तसा चालला, मामा खूश.

मला सगळ्यात आवडलं ते _फाइलएक्झिस्ट्स, म्हणजे फाइल आहे का ते सांगणारी कमांड. क्यूबेसिकमधे फाइल आहे का नाही हे विचारायला कमांडच नाही, त्यामुळे सगळे जुगाड करायचे, ऑन एरर गोटू लावायचं, फाइल इनपुटला, म्हणजे वाचायला ओपन करायची, नसली की एरर 53 (फाइल सापडली नाही) येतो आणि प्रोग्राम लेबलवर उडी मारतो. इथपर्यंत ठीक. पण मामांचा प्रोग्राम ज्याने लिहिला त्याने एरर नंबर बघितलाच नव्हता राव! म्हणजे फ्लॉपीचं दार नीट लागलं नाही, एरर 71 (डिस्क तयार नाही) आला, तरी प्रोग्राम समजणार की महिन्याची फाइलच नाही, म्हणजे नवीन महिना सुरू झाला, आणि तेवढ्यात कुणी दार लावलं की त्याच नावाने ओपन फॉर आउटपुट, म्हणजे लिहायला ओपन करणार, आउटपुट तर आधीचं सगळं पुसूनच टाकतं. महिन्याची उधारी साफ, गिऱ्हाईक थोडंच स्वतःहून सांगायला येणारे. काही जण फाइल रँडम मोडमधे उघडून एलओएफ, म्हणजे फाइलची लांबी, शून्य आहे का ते बघतात, पण त्यात नसलेली फाइल रिकामी तयार होऊन बसते, मग ती किल कमांडने पुसा.

आता एका इफमधे काम झालं, असेल तर -1, नसेल तर 0. फोल्डरला वेगळं _डायरएक्झिस्ट्स आहे. फक्त ही कमांड मूळ क्यूबेसिकला कळत नाही, डॉसच्या पीसीवर पण तोच प्रोग्राम चालवायचा असेल तर ऑन एररच ठेवा आणि ईआरआर, म्हणजे एरर नंबर, 53 असेल तरच नवीन फाइल बनवा, बाकी काही आलं तर मुकाट्याने थांबा म्हणावं.

कटकटी पण आहेत. एवढ्याशा प्रोग्रामची ईएक्सई चांगलीच जाडजूड होते, आणि आमच्या अँटीव्हायरसने ती व्हायरस समजून उचलून बाजूला टाकली, फोल्डर एक्सक्लूड केला तेव्हा गप्प बसला. डॉसबॉक्स, म्हणजे विंडोजमधे जुन्या डॉस पीसीची नक्कल करणारा प्रोग्राम, हा दुसरा रस्ता आहे, त्यात सोर्सला हात लावावा लागत नाही, पण साध्या डॉसबॉक्समधून प्रिंट निघत नाही आणि दुकानात पावती तर लागतेच.

डाउनलोड करताना क्यूबी64 ची फिनिक्स एडिशन ही आवृत्ती घ्या, आता काम त्याच्यावरच चालू आहे. जीडब्ल्यू-बेसिकची (क्यूबेसिकच्या आधीचं बेसिक) फाइल नोटपॅडमधे गिचमिड दिसत असेल तर आधी जीडब्ल्यू-बेसिकमधेच सेव्ह कमांडच्या शेवटी कॉमा ए लावून टेक्स्टमधे काढा, नाहीतर क्यूबी64 ला ती वाचता येणार नाही. पाचपैकी चार स्टार, एक अँटीव्हायरसच्या डोकेदुखीचा कापला.