इंटरनेट एक्स्चेंजसाठी नियम करताना: केनिया, भारत की ब्राझील?

एकाच शहरातल्या दोन इंटरनेट कंपन्या एकमेकींना थेट जोडलेल्या नसतील, तर शेजारच्या इमारतीत पाठवलेली फाइलही परदेशात जाऊन परत येऊ शकते आणि तिचं भाडं डॉलरमध्ये भरावं लागतं. यावरचा उपाय म्हणजे इंटरनेट एक्स्चेंज. एका तटस्थ जागी मोठा स्विच, म्हणजे डेटा योग्य केबलवर वळवणारं यंत्र, ठेवायचा, सगळ्यांनी तिथवर केबल आणायची आणि देशातली डेटाची रहदारी देशातच वळवायची. यंत्रसामग्री फारशी लागत नाही, गाडी अडते ती परवानगीत. त्यामुळे देशासाठी नियम आखणाऱ्याने तीन देशांचे अनुभव शेजारी ठेवून पाहावेत.

केनियाचा अनुभव सर्वांत बोलका आहे. तिथल्या इंटरनेट सेवादारांच्या टेस्पॉक या संघटनेने २००० च्या नोव्हेंबरमध्ये नैरोबीत एक्स्चेंज सुरू केलं. आंतरराष्ट्रीय डेटा-वाहतुकीची मक्तेदारी टेलकॉम केनिया या कंपनीकडे होती. एक्स्चेंजमुळे आपल्या हक्काचा भंग होतो, अशी तक्रार तिने केली आणि नियामकाने डिसेंबरमध्ये ते बंद करायला लावलं. तेव्हा केनियाला समुद्री केबल नव्हती, ती २००९ मध्ये आली. म्हणजे नैरोबीतून नैरोबीत जाणारा डेटा उपग्रहावरून फिरत होता आणि जोडणी कायद्याने बंद होती! संघटनेने चिकाटीने बाजू मांडली, वर्षभराने परवाना मिळवला आणि २००२ च्या फेब्रुवारीत एक्स्चेंज पुन्हा सुरू केलं. २०१२ च्या एका अभ्यासात फरक स्पष्ट दिसला. देशांतर्गत डेटाला आधी २०० ते ६०० मिलिसेकंद लागत, ते २ ते १० वर आले. घाऊक आंतरराष्ट्रीय बँडविड्थवर वर्षाला सुमारे १५ लाख डॉलर वाचू लागले.

यावरून परवाना हवाच असा निष्कर्ष काढला जातो. मला तो अर्धाच पटतो. केनियात परवाना ढाल म्हणून कामी आला, कारण समोर मक्तेदार उभा होता. मक्तेदारीच नसेल तर हाच परवाना नवख्याच्या वाटेत आडवा येतो.

भारताने सरकारच्या पुढाकाराने चालणारी, नफा न कमावणारी संस्था उभी केली. तिचं नाव निक्सी (नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया), स्थापना २००३ मधली. पहिली केंद्रं नोएडा, मुंबई, चेन्नई, कोलकाता इथली. उद्देश चोख होता, पण नियमांनी पाय बांधले. सुरुवातीला फक्त परवानाधारक सेवादारांना जागा होती. व्हिडिओ, संकेतस्थळं असा कंटेंट देणाऱ्यांना दार बंद होतं, आणि रहदारीचा मोठा वाटा तर त्यांचाच. शिवाय जो जास्त डेटा ओढेल त्याने दुसऱ्याला पैसे द्यायचे, अशी हिशेबाची पद्धत अनेक वर्षं चालली. ज्या छोट्या सेवादाराचे ग्राहक दिवसभर व्हिडिओ पाहतात, त्याने या जागी केबल का आणावी? पुढे मुंबईत खासगी एक्स्चेंज आली. कुणी कुणाशी जोडायचं हे सदस्यांवर सोपवलं, कंटेंट कंपन्यांना आत घेतलं, आणि रहदारीत निक्सीला मागे टाकलं. या एक्स्चेंजसाठी मात्र वेगळी परवाना-तरतूद नव्हती. ग्राहकांना इंटरनेट विकणाऱ्यांसाठी बेतलेल्या परवान्यावरच काम भागवावं लागे.

ब्राझीलची वाट मला सगळ्यात निरोगी वाटते. सरकार, उद्योग, विद्यापीठं आणि नागरी संघटना यांची एक समिती इंटरनेटच्या कारभारावर लक्ष ठेवते. २००४ मध्ये सुरू झालेली एक्स्चेंज तिच्या कामाची अंमलबजावणी करणारी ना-नफा संस्था चालवते, आणि खर्च मुख्यतः डॉट बीआर या ब्राझीलच्या डोमेनच्या (संकेतस्थळांच्या पत्त्यांच्या) नोंदणीतून भागतो. इंटरनेट सेवा ही दूरसंचारापासून वेगळी, हे तिथल्या नियमांनी १९९५ मध्येच मान्य केलं होतं. आज तीसहून अधिक शहरांत त्यांची एक्स्चेंज आहेत आणि साओ पावलोचं जगातल्या सर्वांत मोठ्यांमध्ये गणलं जातं. अडचण एकच: डोमेन-नोंदणीचं असं भक्कम उत्पन्न आणि इतकी विश्वासार्ह समिती सगळ्या देशांत नसते. छोट्या देशाला हे तसंच्या तसं उचलता येणार नाही.

तर निवड कशी करावी? बाजारात एकच बलाढ्य कंपनी असेल, तर एक्स्चेंज बेकायदेशीर नाही हे कायद्यात स्पष्ट लिहा. त्यासाठी छोटा, स्वस्त, वेळेत मिळणारा परवाना पुरेसा आहे. सेवादार बरेच असतील आणि एकमेकांवर थोडा विश्वास असेल, तर साधी नोंदणी ठेवा. सरकारी पैसा लागतच असेल तर तो इमारत, वीज आणि केबलच्या मार्गांवर घाला. दर कोणी किती द्यावा आणि कोणी कोणाशी जोडावं, यात शिरू नका. भारताच्या उदाहरणातून मी घेतो तो धडा हाच.

भारतात हा प्रश्न अजून ताजा आहे. ट्राय या दूरसंचार नियामकाने २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये एक्स्चेंजसाठी स्वतंत्र परवाना-प्रकार सुचवला, आणि त्याच्या अटी सेवादारांच्या परवान्यापेक्षा बऱ्याच सौम्य असाव्यात असंही म्हटलं. त्यानंतर २०२३ चा दूरसंचार कायदा आला. त्याखालचे नियम वाचताना मी आधी सदस्यत्वाचं कलम शोधेन: विद्यापीठ, बँक किंवा कंटेंट कंपनी सेवादाराचा परवाना न काढता एक्स्चेंजला जोडून घेऊ शकते का? त्यानंतर शुल्क बघेन, कारण नागपूर किंवा कोल्हापुरात छोटं एक्स्चेंज उभं राहायचं, तर मुंबईच्या उलाढालीवर बेतलेलं शुल्क त्याला झेपणार नाही.