आरएक्स १०० चा ओव्हरफ्लो: व्हायटन टोकाची नीडल आणि नवी सीट, आठ महिन्यांच्या वापरानंतर

यामाहाच्या आरएक्स १०० मोटारसायकलच्या कार्बोरेटरला मी व्हायटन (पेट्रोलला टिकणारं रबर) टोकाची नीडल, म्हणजे पेट्रोलची वाट बंद करणारी सुई, आणि ती ज्या भोकावर टेकते ती नवी सीट बसवली. त्यानंतर आठ महिन्यांत बाऊलखालच्या (कार्बोरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या वाटीखालच्या) नळीतून पेट्रोल ठिबकलं ते एकदाच, तेही टाकीतल्या गंजाच्या कणामुळे. तेव्हा हा जोड घ्यावा, असंच माझं मत आहे. मात्र नीडल बदलली की ओव्हरफ्लो (बाऊलमधून जादा पेट्रोल बाहेर वाहणं) गेलाच, असं धरून चालू नका. आरएक्स १०० चं उत्पादन १९८५ ते १९९६ चं. तिच्या मिकुनी व्हीएम २० कार्बोरेटरमध्ये इतक्या वर्षांनी एकच भाग झिजलेला सापडेल, असं सहसा होत नाही.

आधी गाडी मेन स्टँडवर घ्या. साइड स्टँडवर ती कलते, बाऊलमधली पातळी एका अंगाला चढते आणि धड कार्बोरेटरही ठिबकतो. कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) उघडा, ठिबक सुरू झाली की स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने बाऊलवर हलके टोले द्या. थांबली तर नीडल अडकलीय किंवा खाली कचरा आहे. बाऊलमधलं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून पाहा: तळाशी तांबूस भुकटी दिसली तर आधी टाकी धुवा, पाण्याचे मणी दिसले तर टाकीचं झाकण तपासा. आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी धरून ठेवतं, त्यामुळे पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या गाडीत हे हमखास दिसतं.

सगळ्यांत जास्त चकवते ती बाऊलमधली, जादा पेट्रोल बाहेर सोडणारी उभी पितळी नळी. तिला केसासारखी चीर गेली किंवा ती बुडाशी सैल झाली, तर पातळी बरोबर असूनही पेट्रोल खाली येतं आणि गॅरेजवाले नीडलवर नीडल बदलत राहतात. बाऊल काढून कोरड्या कागदावर सपाट ठेवा, नळीच्या तोंडाच्या चार-पाच मिलिमीटर खालपर्यंत पेट्रोल भरा आणि दहा मिनिटं थांबा. कागद ओला झाला तर दोष नळीत आहे. नीडल-सीटच्या किटला हात लावण्याआधी ही चाचणी कराच.

फ्लोट (पेट्रोलवर तरंगून नीडल सीटवर दाबणारा भाग) कानाशी हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर तो जड झालाय, नीडल पुरेशी दाबणार नाही. शंका वाटली तर गरम पाण्यात बुडवा, छिद्रातून बुडबुडे येतात. असा फ्लोट बदलावा.

जुन्या नीडलच्या टोकावर भिंगाखाली गोल खाच दिसते. नवी नीडल जुन्याच सीटवर बसवणं ही काटकसर अंगाशी येते. सीट काढताना खालचा वॉशर जपा. तो बसवायचा राहिला तर आट्यांतून पेट्रोल झिरपतं, दोन बसले तर पातळीच बदलते. सीटला पॉलिश पेपर लावू नका, ओरखडे राहतात. सीटच्या भोकाचं मापही जुन्याशी ताडून पाहा. १.५ मिमीऐवजी २ मिमीचं भोक आलं तर क्षेत्रफळ जवळपास पावणेदोन पट होतं, नीडलवरचा दाब तितकाच वाढतो आणि तोच फ्लोट तिला रोखू शकत नाही. बाजारातल्या बऱ्याच ‘सगळ्यांना चालणाऱ्या’ किटची गोची इथेच आहे.

फ्लोटची उंची गॅस्केट काढून मोजा. कार्बोरेटर आडवा धरा, फ्लोटची जीभ (नीडलला टेकणारी पट्टी) नीडलच्या स्प्रिंगच्या पिनला नुसती टेकली पाहिजे. पिन आत दबली तर माप खोटं येतं. जीभ वाकवायची ती अर्ध्या मिलिमीटरच्या बेताने, आणि वाकवताना नीडल सीटवर दाबायची नाही, नाहीतर नवं टोक तिथेच चेपतं.

ओव्हरफ्लोचं पेट्रोल क्रॅंककेसमध्ये (इंजिनच्या खालच्या पेटीत) उतरलं असेल तर किक जड होते, प्लग ओला निघतो. कॉक आणि चावी बंद ठेवून प्लग काढा, दहा-पंधरा किक मारा. प्लगच्या भोकाजवळ ठिणगी, विडी काहीही नको.

आठ महिन्यांनंतर व्हायटनच्या टोकावर फिकट वळ दिसतो, पण खाच नाही. तो एक कण आला, तेव्हापासून कॉकनंतर जाळीचा फिल्टर लावलाय. कागदी फिल्टर घेऊ नका. टाकीतलं पेट्रोल नुसत्या उतारावर येतं, आणि टाकी अर्धी झाली की कागदातून ते पुरत नाही. आणि गाडी उभी केली की कॉक बंद. नीडल नवी असली तरी रात्रभर टाकीचा भार तिच्यावर ठेवू नये.