तयार जेंटा सिमेंट की ओटीत कालवलेलं व्हँको?

सोलापुरात नवी ओटी (ऑपरेशन थिएटर) लावणारे तरुण सर्जन भेटले की हा विषय निघतोच. कृत्रिम गुडघा हाडाला चिकटवायच्या सिमेंटचं, जेंटामायसिन हे अँटिबायोटिक मिसळूनच आलेलं पाकीट घ्यावं, की साधं सिमेंट घेऊन त्यात व्हँकोमायसिन हे दुसरं अँटिबायोटिक आपणच घालावं? दोन्ही वापरून झालंय, म्हणून लिहितो.

नुसतं साधं सिमेंट हा तिसरा मार्गही आहे, आणि तो अगदीच चूक म्हणवत नाही. खुब्याच्या बाबतीत नॉर्वेच्या नोंदींत शिरेतून आणि सिमेंटमधून असं दोन्हीकडून अँटिबायोटिक दिलेल्यांचे निकाल सरस दिसले. गुडघ्याचं तसं नाही. स्पेनमध्ये सुमारे 3000 गुडघ्यांवर झालेल्या आणि 2013 साली छापून आलेल्या चाचणीत इन्फेक्शनमध्ये फरक सापडला नाही. अर्थात तिथल्या सिमेंटमध्ये एरिथ्रोमायसिन-कोलिस्टिन ही वेगळी अँटिबायोटिक होती. पण आपल्या टेबलावर कोण असतं? जन्मभर मांडी घालून विड्या वळलेली, साखर कशीबशी आटोक्यात आणलेली बाई. तिच्यासाठी साधं वापरायला माझा हात धजत नाही. काप घेण्याआधीचं शिरेतलं अँटिबायोटिक, सेफाझोलिन, वेळेवर गेलं पाहिजे, हे तर धरूनच चाललोय.

व्हँकोच्या बाजूने बोलायचं तर एक, स्वस्त पडतं. पॅकेज ठरवताना नातेवाईक पै न् पै विचारतात, तेव्हा हे कळतं. दुसरं, मेथिसिलिनला दाद न देणाऱ्या स्टॅफ जंतूंवर ते चालतं. जेंटाला न जुमानणारे जंतू आता कमी नाहीत. कागदावर व्हँकोच जिंकतं.

माझं मन फिरलं ते गुठळ्यांमुळे. वायलमधलं (छोट्या बाटलीतलं) व्हँको बऱ्याचदा वडीसारखं घट्ट बसलेलं असतं. सिस्टर ते वाडग्यात काढतात, चमच्याच्या पाठीने चेचतात, सिमेंटच्या 40 ग्रॅम पावडरीत थोडं थोडं मिसळतात. एवढं करूनही मोनोमर (सिमेंटचा द्रव भाग) पडला की पिठल्यात राहाव्यात तशा गुठळ्या राहतात. हिरवट सिमेंट असेल तर कडेला निघालेल्या जादा सिमेंटमध्ये पांढरे ठिपके सरळ दिसतात. मी काही ताकद मोजायला प्रयोगशाळेत गेलेलो नाही, पण तो ठिपका इम्प्लांटखालीही असणार, हे डोक्यातून जात नाही. त्यात आपला मे महिना. बाहेर 43-44 अंश, एसी धापा टाकतोय, आणि उष्णतेने सिमेंट लवकर घट्ट होतं. ग्लोव्हला चिकटायचं थांबलं म्हणेपर्यंत ते हातातून निसटायला लागतं. अशा वेळी गुठळी फोडत बसायला सवड कुणाला? सिस्टर बदलल्या की मिश्रणही बदलतं, ते वेगळंच.

तयार पाकिटात ही कटकट नाही. औषध सगळीकडे सारखं मिसळलेलं, बहुतेकांत अर्धा ते एक ग्रॅम जेंटा. हॅम्बुर्गमध्ये सर्जन बुखहोल्ट्झ यांनी 1970 च्या सुमारास हेच औषध धरलं, कारण ते पाण्यात विरघळतं आणि सिमेंट तापलं तरी टिकतं. सिमेंटमधून औषध बाहेर पडायचं ते बहुतेक पहिल्या काही दिवसांतच पडतं, नंतर नुसती झिरप. व्हँकोचंही फार वेगळं नाही.

तेव्हा गुडघा पहिल्यांदाच बदलताना, त्यातही पेशंट मधुमेही असेल तर, मी तयार पाकीटच उघडतो. तुमच्याकडे हात बसलेल्या सिस्टर असतील, तुमचा अनुभव वेगळाही असेल. हाताने घालणारच असाल तर पहिल्या गुडघ्याला पाकिटामागे 1 ग्रॅमच्या फार पुढे जाऊ नका, सिमेंटची ताकद जाते. आणि पैसे वाचवायला जेंटाचं पातळ इंजेक्शन ओतण्याचा विचारही नको, पाण्याने सिमेंट कमजोर होतं.

साधी दोन पाकिटं आणि व्हँकोच्या वायल मात्र कपाटात असू द्या. जेंटाची ॲलर्जी असलेला पेशंट येतो. कधी आधीच पिकलेला गुडघा येतो. तिथे स्पेसर (औषध घातलेल्या सिमेंटचा तात्पुरता सांधा) करायचा, कल्चर (जंतूंची तपासणी) बघून औषध निवडायचं आणि डोसही मोठा घालायचा. त्या दिवशी तयार पाकीट एकटं पुरत नाही.